तुझा वर्ग माझ्या दारात

ठमाबाई,

नैसर्गिक संसाधनं आणि पर्यावरण व्यवस्थापन, एवढं लांबलचक शिकायला तुला विद्यापीठात घातलं, आणि काल अख्खा वर्ग घेऊन पाहणीला आलीस ती माझ्याच गाड्या धुण्याच्या सेंटरवर. ये की. पण मला विचारलंस काय, तर "साहेब, साबणाचं पाणी जातं कुठे?" बाप आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं तुला. मग मीही म्हणालो, "नाल्यात, मॅडम." तुझे सर खूश झाले.

निघताना तुझी मैत्रीण पुटपुटली, "काय निर्लज्ज माणूस आहे." माझे कान तिखट. तू काय म्हणतेस ते ऐकायला मी पाण्याचा पंप बंद केला. तू म्हणालीस, "हो ना."

डोकंच फिरलं माझं. पाणी गाळायची टाकी आज खणायला घेतली आहे, महिन्याभरात होईल. त्या "हो ना"चं काय करायचं, ते आहे का तुझ्या अभ्यासक्रमात?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून रडत बसशील, आणि तुझी परीक्षा तोंडावर आहे.

नाइलाजाने तुझाच,
बाबा