बाभळीखालच्या अकरा गोधड्या

३० सप्टेंबर, भद्रावती

सामान उतरलं. नागपुरात दहा वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत बटणं फिरवली, आता स्वतःची फिरवणार. घर बायकोच्या, उर्वशीच्या, माहेरगावातलं, तीन खोल्यांचं, मागे विहीर. मधल्या खोलीत स्टुडिओ. घरमालकीण वच्छलाबाईंनी आल्या आल्या वांग्याची भाजी आणि भाकरी दिली, त्यामुळे गाव मला पसंत आहे.

खरी घाई तिच्यासाठी. वडशाच्या नाटक कंपनीनं यंदा तिला मुख्य गायिका केलंय. पंधरा तारखेच्या आत पाच गाणी पाठवायची, भाऊबीजेला पहिला प्रयोग. बारा वर्षं ती कोरसमध्ये उभी राहिली. यंदा नाही तर कधीच नाही, असं तीच म्हणते.

२ ऑक्टोबर

खोली घुमते. बाहेर कोळशाचे ट्रक, आणि दुपारी खाणीत स्फोट झाला की खिडक्या थरथरतात. अंड्यांचे ट्रे लावून पाहिले, पण ते म्हणजे भिंतीला पावडर लावण्यातला प्रकार. जाड कापड हवं.

नाल्याकाठच्या मोक्षधामाजवळ एका बाभळीखाली गोधड्यांची चळत दिसली. घड्या घातलेल्या, जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या जाडजूड. लाकडं रचणारा पोचूभाऊ म्हणाला, "मेलेल्याइच्या बाकीच्या गोधड्या आमी जाळून टाकतो. ह्या, ज्याइले मरताना तोंडात पाणी नाई भेटलं, त्याइच्या आहेत. घरी नका नेऊ बापा."

मी म्हटलं, माझ्या भिंतींना तहान लागत नाही. दोन खेपा करून अकरा आणल्या आणि उन्हात झटकल्या. उर्वशीला सांगितलं, बाजारातून घेतल्या. असल्या गोष्टींत तिचा जीव उगाच अडकतो.

५ ऑक्टोबर

भिंतींना दहाच पुरल्या, अकरावी कोपऱ्यात ठेवली. आता टाळी वाजवली तर टाळी हातातच राहते. स्वतःवर बेहद्द खूश आहे.

धुमाल पार्टीचा विक्की पहिलं गिऱ्हाईक. ढोलांच्या वर ओरडून गाणारा गडी, पण ट्रॅकवर आवाज अगदी बारीक आला. जाताना घसा चोळत म्हणाला, "भाऊ, तुमची खोली आवाज पिऊन राह्यली." मी हसलो. भिंती त्यासाठीच तर मढवल्या.

८ ऑक्टोबर

उर्वशीची दोन गाणी झाली. पहिलं झकास. दुसऱ्यात वरचा सूर फाटला. नंतर ती सलग दोन तांबे पाणी प्यायली. संध्याकाळी अंगात कणकण, म्हणून पांघरूण घेऊन लवकर झोपली.

विक्कीला फोन केला तर बायकोनं उचलला. तीन दिवसांपासून त्याच्या तोंडातून आवाजच फुटत नाही. डॉक्टर म्हणे घसा साफ आहे.

१० ऑक्टोबर

मिक्सिंग करताना ओळींमधले श्वास कापत होतो. ते रोजचंच काम. पण हे श्वास तालात नाहीत. आत जातात, अडखळतात, कसेबसे बाहेर येतात. उर्वशीचा एकही नाही यात. एकेक वेगळा काढला. दहा.

गोधड्या अकरा आहेत. म्हणजे योगायोग. तरी जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर

उर्वशीचा आवाज गेला. पार गेला. मोबाइलवर लिहून दाखवते. तीन गाणी बाकी आहेत. रडत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते. मला बघवत नाही, म्हणून मी तिच्या खोलीत फारसा जातच नाही.

दुपारी रिकाम्या खोलीत माइक सुरू केला. मीटर हललं. हेडफोनमध्ये विक्की म्हणाला, पाणी. मग उर्वशी म्हणाली. वरच्या सुरातला तिचा आवाज, जो तिच्यापाशी उरला नाही.

मी घाबरलो आहे. लिहून टाकलं.

१३ ऑक्टोबर

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोचूभाऊकडे जाऊन सगळं कबूल केलं. तो रागावला नाही. म्हणाला, "मंग द्या ना पाणी. त्याइचं राह्यलेलं काम करा. घोटभर भेटलं का जाते तो." उर्वशीला मात्र अजून सांगितलं नाही. आधी आवाज परत येऊ दे.

१४ ऑक्टोबर, दुपार

हेडफोन लावूनच केलं. एकेका गोधडीला चमचाभर पाणी. पहिली भिजली — एक श्वास आत गेला, बाहेर आलाच नाही. दुसरी. तिसरी. दहावीनंतर कानात काही नाही.

विक्कीचा फोन. स्वतः बोलला. "भाऊ, गळा खुलला."

धावत उर्वशीकडे — दारातूनच विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

अकरावी. कोपरा रिकामा आहे.

त्याच दुपारी

तिच्या अंगावर आहे. कणकण आली त्या दिवसापासून. बाजारातली म्हणून घेतली तिनं.

ओढली. सोडत नाही. सगळं सांगितलं तिला. ऐकलं की नाही, कळत नाही.

माइक इथं आणला. तिचा श्वास आणि गोधडीचा, वेगळे काढता येतील. दहा वर्षं तेच तर करतो —

एकच श्वास आहे. दोन नाहीत.

तोंड उघडलं तिनं. खणखणीत आवाज, तिचाच. "मले पाणी द्या ना."

तांब्या हातात आहे. घोटभर भेटलं की जातो. कोण जातो?

पुन्हा मागते. ओठ फुटलेत. नाही दिलं, आणि ही खरंच तहानलेली असेल, तर —

बाजारातली म्हटलं नसतं तर —

चमचा भरला. ती माझ्याकडे बघते आहे. हेडफोन कानातच आहेत. श्वास आत गेला