पाटीवरचा हार

मंगळवार, दिवेलागण झाली

शेवटी आज चौकात पाटी लागली. 'गाडी हळू चालवा', खाली सायकलचं चित्र. दादा तिथंच ट्रकखाली गेला, त्यानंतर आठ महिने अर्ज घेऊन फिरलो तेव्हा कुठे. नारळ फुटला, साहेबांनी पाटीला हार घातला. हार वहिनीनं केलेला, आमच्याच मळ्यातल्या झेंडूचा.

पाच वाजता परत गेलो तर हारानं चित्र पार झाकलेलं! सायकल दिसेचना. काढायला दादाच्या सायकलच्या कॅरिअरवर चढलो अन् तसाच उतरलो. दादा गेला त्या दिवशी बाजाराची सगळी फुलं रस्त्यावर सांडली होती. दादाला घालायला घरात एक हार नव्हता, फुलवाल्याच्या घरात. मग हा मी कसा काढू?

वहिनीला सांगावं की नाही? सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"चाला भाऊजी, आताच काढू. पहाटी लोकं फुलं घेऊन निंगतीन."

हार तिनंच काढला. मी खाली दादाची सायकल घट्ट धरून होतो. उतरल्यावर तिनं एकदा वर पाहिलं.

"आता दिसते," म्हणाली. मग घरापर्यंत हार छातीशी धरून चालली.