माझा अडणारा फोन आणि चाकांची खुर्ची

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कागदावरच, खरोखर वाकायचं म्हटलं तर गुडघे ऐकत नाहीत). तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. उत्तर कळवू नकोस, ते मी गेल्या आठवड्यात फोनवर पाऊण तास ऐकलंय. भाऊजींचा खोकला, तुझी पाठ, तुझ्या शेजारणीचे पित्ताचे खडे (त्या बाईला मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण तिचे खडे किती आणि केवढे ते मला पाठ आहे), सगळं ऐकून झालं आणि माझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, दूध उतू जातंय, ठेवते. म्हणून पत्र लिहितेय. मी चौथीतून घरी बसलेली बाई, तेव्हा माझ्या अक्षरावर काही बोलू नकोस. तू सातवीपर्यंत जाऊन काय दिवे लावलेस ते मी जवळून पाहिलंय.

मी ज्या ऑफिसात झाडलोट करते ते तिसऱ्या मजल्यावर आहे. ऑफिसाची फरशी आणि वरपासून खालपर्यंतचा जिना, चोपन्न पायऱ्या, हे माझं काम. लिफ्ट आहे, पण ती माणसांसाठी, बादलीसाठी नाही, असा वॉचमनचा नियम. बादली माणसाच्या हातात असेल तर काय, असं मी विचारलं होतं. तर म्हणे, मग माणूस बादलीत धरायचा. ऑफिसात वीसेक पोरंपोरी दिवसभर खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणून कुरकुर करतात. ते मोबाइलवर उघडायची पानं बनवतात. फोनात आधी काही भरून घ्यावं लागत नाही, पत्ता दाबला की पान उघडतं आणि त्यावरच काम होतं, त्याला वेब अ‍ॅप म्हणायचं. (मला चौघांनी चार वेळा समजावलं. पहिल्या वेळीच समजलं होतं, पण त्यांना समजावायला फार आवडतं.) सध्या त्यांनी सरकारी दवाखान्यात घरबसल्या नंबर लावायचं पान काढलंय. ज्याच्याकडे स्वस्तातला फोन आहे अशा गरीब माणसासाठी, असं काचेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय. ती काच मीच पुसते. आणि काचेच्या आत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात ताटाएवढा फोन.

तर एके दिवशी साहेब (वय तीस, पण केबिन आहे म्हणून साहेब) बाहेर आले आणि विचारायला लागले की इथे कुणाकडे स्वस्तातला फोन आहे का. वर्गात मास्तरांनी उवा कुणाच्या डोक्यात आहेत असं विचारल्यावर पोरी बघतात तसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी टेबलाखाली ओणवी होते, हातात फडकं, कमरेला फोन. काच कोपऱ्यात तडकलेली, मागचं झाकण रबरानं आवळलेलं, आणि आत जागा इतकी कमी की एक फोटो काढायचा तर आधी एक पुसायचा. दाढीवाल्यानं (सगळा प्रोग्राम हाच लिहितो) तो दोन्ही हातांनी घेतला. ताई, लग्नात मलाही कुणी इतकं जपून घेतलं नव्हतं.

पान दाबलं. पांढऱ्यावर एक गोल फिरायला लागला. मी जरा वेळ पाहिलं, मग फोन खिडकीत ठेवला आणि जिना पुसायला गेले, कारण इकडे गोल फिरतोय म्हणून तिकडे जिना आपोआप पुसला जात नाही. खाली पोचले, बादली ओतली, वर आले, तेव्हा त्या पानावर एक डॉक्टर यायला लागला होता. नाकापर्यंत आला होता. तोंड यायचं होतं, म्हणून हसतोय की रागावलाय ते कळत नव्हतं. दाढीवाल्यानं विचारलं, मावशी, किती वेळ लागला? मी म्हटलं, एक जिना. मला वाटलं हसेल. तो उठला आणि त्यानं फळ्यावर लिहिलं: आत्ता एक जिना, पाहिजे दोन पायऱ्या.

तेव्हापासून रोज दुपारी दोन तास मी चाचणीवाली झाले. बसायला चाकांची खुर्ची. पहिल्या दिवशी मी बसले आणि ती मला घेऊन निघाली ती थेट रंगवालीच्या टेबलावर आपटली (ही पोरगी पानाचे रंग ठरवते, एवढंच ठरवायला तिला पगार आहे). पण ताई, बसून पगार मिळणं म्हणजे काय असतं ते तुला सांगून कळायचं नाही. गुडघ्यांचा पहिले तीन दिवस विश्वासच बसला नाही. त्या दोन तासांत जिना वॉचमनची बायको पुसायची. तिच्या बादलीला लिफ्ट चालते.

आता काम करायचं म्हटल्यावर मी ते नीट केलं, त्यांना गोड लागो की कडू. रंगवालीनं पांढऱ्यावर राखाडी अक्षरं काढली होती, म्हणे डोळ्यांना शांत वाटतं. मी तिला हाताला धरून खाली फाटकापाशी भर उन्हात नेलं, माझा फोन दिला आणि म्हटलं वाच. ती पुष्कळ शांत झाली, वाचता काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षरं काळी. मग ती बटणं. दोन बटणं इतकी चिकटून की 'पुढे' दाबायला गेलं की 'रद्द' दाबलं जायचं. तीन वेळा माझा नंबर मीच रद्द केला. अंगठा तो अंगठा, सुईचं टोक नाही. आणि सगळ्यांत वैताग त्या ओटीपीचा. पान म्हणतं, तुम्हाला मेसेज आलाय, त्यातले आकडे इथे भरा. आकडे बघायला मेसेजात जावं तर तेवढ्यात माझा फोन पान विसरून जातो. परत आलं की पहिल्यापासून, गोल, डॉक्टर, नाक. असं सात वेळा. दाढीवाला म्हणाला, असं होतच नाही. त्याच्या फोनवर होत नाही, हे खरंच होतं. मी म्हटलं, "मग आजाऱ्यांना तुझा फोन दे वाटून." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण तिसऱ्या दिवशी आकडे आपोआप भरायला लागले.

डॉक्टरवरून मात्र जुंपली. रंगवाली म्हणे त्याच्यामुळे आपलेपणा वाटतो. दाढीवाला म्हणे त्याला बारीक करू, पुसट करू. मी म्हटलं, "काढा त्याला. खऱ्या दवाखान्यातला डॉक्टरसुद्धा इतका वेळ कुणाकडे बघत नाही." काढला. पान दोन पायऱ्यांवर आलं. त्या दिवशी सगळ्यांना केक होता, मलाही होता, आणि खाली सांडलेला कुणी पुसायचा यावर कुणाचा वाद नव्हता.

मग दवाखान्याच्या खात्याची माणसं पान बघायला आली. तिघे, प्रत्येकाच्या काखेत फाइल. साहेबांनी मला मधोमध बसवलं आणि दोनच वाक्यं घोकून घेतली, सोपं आहे आणि छान आहे. मी दाबलं, पान उघडलं, नंबर लागला, तिघांनी माना हलवल्या. त्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, बाई, वापरताना काही अडचण? आता विचारलंच म्हटल्यावर मी सांगितलं. पान चांगलंय. आदल्या दिवशी मी खरंच गुडघ्यांसाठी नंबर लावला होता आणि पहिला मिळाला होता. दवाखान्यात गेले, तर खिडकीतला माणूस म्हणतो फोनवरचा नंबर इथे दिसत नाही, कागदावर लिहून आणा. कागदावर लिहून नेला, तर म्हणतो कागदवाल्यांची रांग पलीकडे. पलीकडे माझा एकेचाळिसावा नंबर आला. हे ऐकून साहेबांचा चेहरा मी पुसलेल्या फरशीसारखा झाला, स्वच्छ आणि रिकामा. पण तो म्हातारा चिडला नाही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, मग त्या खिडकीतल्या माणसासाठीही एक पान करा, त्याच्याकडेही असलाच फोन आहे. म्हणजे मी सगळं घालवलं असं वाटत होतं तिथे यांना दुसरं काम मिळालं.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग रडतेस कशाला. थांब. साहेब खूश झाले आणि सगळ्यांसमोर मला नवा फोन दिला. ताटाएवढा. टाळ्या वाजल्या. जुना चाचणीसाठी म्हणून ऑफिसातच ठेवायचा ठरलं, आणि दाढीवाल्यानं (मनानं चांगला आहे मेला, तीच तर अडचण) त्याला आतून-बाहेरून साफ केलं. माझे फोटो नव्यात घातले, अडगळ सगळी पुसली, काच बदलली, नवी बॅटरी बसवली. आता तो पळतो. नवा तर पळतोच. आठवडाभर मी खुर्चीत बसून दाबतेय आणि सगळं उघडतंय. कुठे काही अडत नाही, मग सांगू काय? परवा साहेब प्रेमानं म्हणाले, मावशी, तुमच्या कृपेनं सगळं सुरळीत झालं, सोमवारपासून तुम्ही पुन्हा जिना घ्या. मी म्हटलं, "अहो, गरिबाचा फोन साफ केलात, तो आता गरिबाचा राहिला कुठे? बाहेर ज्यांचे अडतात त्यांचे अजून अडतायत." साहेबांना ते फार आवडलं. काचेच्या भिंतीवर लिहिणार आहेत. जिना मात्र सोमवारपासूनच.

असो. भाऊजींना नमस्कार सांग, खोकल्याला गरम पाणी दे आणि शेजारणीला म्हणावं खडे काढून टाक एकदाचे. लिहायला बसलं की हात दुखतो, म्हणून थांबते.

तुझी,
धाकटी

त.क. सुनेला यातलं काही कळता कामा नये. तिनं नवा फोन आधीच आपला मानलाय आणि मी आंघोळीला गेले की त्याच्या समोर उभी राहून स्वतःचे फोटो काढते.

त.क. दुसरं. पत्राचं कारण राहिलंच. भाऊजींचा तो फोन मला पाठव. तोच, ज्यावर रोज सकाळी चाळीस जणांची फुलं येतात आणि भाऊजी एकही पुसत नाहीत, आणि जो लावला की तुझी भांडी घासून होईपर्यंत नुसता थरथरतो. आहे तसा पाठव. पुसू नका, दुरुस्त करू नका, नातवाच्या हाती तर मुळीच देऊ नका, तो लगेच सुधारेल. बदल्यात माझा नवा भाऊजींना घ्या, मी उलट टपाली पाठवते. शनिवारपर्यंत पोचला पाहिजे. सोमवारी मी तो दाढीवाल्याच्या टेबलावर ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, आता उघड.

त.क. तिसरं. गुडघ्यांचं वर लिहिलं ते खोटं नाही, पण सगळं कारण तेच आहे असंही नाही. जिना मी वीस वर्षं पुसलाय, अजून दहा पुसेन. पण त्या खुर्चीत बसून मी "नाही, हे चालत नाही" म्हटलं की चार शिकलेली माणसं मान खाली घालून ते लिहून घेतात. घरात मी नाही म्हटलं की सून टीव्हीचा आवाज वाढवते आणि मुलगा चप्पल घालून बाहेर पडतो. तेव्हा फोनचं तू मला नाही म्हणू नकोस.