सुर्ल्याचा काटा अडला

३ ऑक्टो.
पावसाळ्यानंतर सुर्ल्याचा वजनकाटा परवाच सुरू झाला, आणि आजही तिथे खनिजाचे ट्रक खोळंबले. एका ट्रकची नोंद सेव्ह व्हायला दोन-दोन मिनिटं. साहेब म्हणाले, "नेटवर्क तुझं, जबाबदारी तुझी." मला कायम करायचं की नाही, ते याच महिनाअखेर ठरणार. नेमकं आत्ताच हे!
विनयदादा धीर देत होता. मुळगावचा शेजारी, याच ऑफिसात माझ्याबरोबर संगणक सांभाळतो; यानेच मला इथे चिकटवलं. "खंत करी नाका रे, जुनें सामान तें."

५ ऑक्टो.
केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं. ढिम्म. एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच पेटीत चार संगणक. तीन पळतात, काट्याचं तेवढं रांगतं. एक जीबीची फाईल बाकीच्यांना ११ सेकंद, याला चौदा मिनिटं! म्हणजे तारेचा दोष नाही. व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड नवं, ड्रायव्हर नवा. तरी तेच.
वि.दा. साहेबांना सांगत होता, सगळंच बाहेरच्या कंपनीकडे सोपवा. तेही माझ्यासमोर. माझ्या भल्यासाठीच म्हणत असेल...

८ ऑक्टो.
काट्याच्या मशीनची नक्कल केली, टेस्टच्या नेटवर्कला जोडली. ११ सेकंद! तीच काट्याच्या नेटवर्कला जोडली. चौदा मिनिटं. मशीन निर्दोष. त्याचं व्हर्च्युअल नेटवर्कच कुणीतरी आवळलंय.
सेटिंग उघडलं. वेगाला मर्यादा, दहा मेगाबिट. ही आपोआप लागत नाही, हाताने घालावी लागते. लॉग पाहिला: चवथीचा दुसरा दिवस, सकाळी ११.४०. नाव माझं.
तेव्हा मी घरी आरतीला घुमट वाजवत होतो. चवथीत ऑफिस ओस. वि.दा.कडे यंदा सुतक, गणपती नाही. "तू घरा वच, हांव आसां मरे," म्हणाला. मी पासवर्ड देऊन मोकळा. वर त्याची कीवही आली होती.

९ ऑक्टो.
जेवणाच्या सुट्टीत विचारलं. नाकारलंसुद्धा नाही.
"हें काम त्या कंपनीक गेलें जाल्यार म्हाका थंय नोकरी मेळटली रे."
"आणि माझं काय?"
"तुकाय घेवंक सांगतां." मलाही तिथे घ्यायला सांगणार म्हणे! मग हळूच, "कोणाक सांगपाचें तें पळय. नांव तुजें आसा." म्हणजे लॉगमध्ये नाव माझं, तेव्हा कुणाला सांगायचं ते बघूनच सांग.
इतकी वर्षं दादा म्हणत आलो याला. राग येतो, रडूही येतं.

१० ऑक्टो.
लॉगची प्रिंट घेतली, मर्यादा काढली. काटा सुरळीत. साहेबांकडे गेलो, तर वि.दा. आधीच जाऊन आलेला!
"विनय सांगत होता, चवथीच्या घाईत तूच ती मर्यादा घातलीस. उद्या दहाला लेखी खुलासा दे."
खरं लिहिलं तर पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून नोकरी जाईल. गप्प राहिलो तर चूक माझी ठरेल. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या.
सकाळी नेहमीसारखा तो स्कूटर घेऊन दारात येईल, हॉर्न वाजवील. मागे बसायचं की बस पकडायची, तेवढंही अजून ठरत नाही.