ऑक्टोबरातलं पाकीट

येरवडा, पुणे
२२ फेब्रुवारी २००४

चि. दीपाली,
सप्रेम जय भीम.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आई आता बरी आहे. सप्टेंबरात तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं नाही. इथली थंडी सरली. शेजारची चैताली ई-मेल करून देते म्हणत होती, पण हे तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

गच्चीवर लोबेलिया फुललाय. तिन्ही टांगत्या कुंड्यांतून हातभर खाली ओघळलाय. कुंडी दिसत नाही, काथ्या दिसत नाही. नुसतं निळं.

आता खरं सांगतो. ऑक्टोबरात आईच्या नावानं आलेलं तुझं पाकीट मी तिला दिलंच नाही. ती अंथरुणावरून रोज विचारायची, "दीपालीचं काही आलं का हो?" मी नाही म्हणायचो.

पाकिटात चिठ्ठीसोबत लोबेलियाच्या बियांची पुडी होती. ती फेकायची म्हणून फोडली, तर तळहातावर चिमूटभर तपकिरी धूळ. याला बी म्हणायचं? भिंग काढलं. तीस वर्षं लेथ मशीनवर बारीकातली बारीक मापं घेतली मी, पण इतकं नेटकं काम पाहिलं नव्हतं. एकेक कण आखीवरेखीव, पुरा. मग फेकवेना.

पुडीवरचं इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. वर माती घालायची नाही, या बियांना उजेड लागतो. वाळूत मिसळून पसरलं, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली, वर काच. सतरा दिवस काहीच नाही. अठराव्या दिवशी मातीवर हिरवट साय धरल्यासारखी दिसली. भिंगातून पाहिलं तर दोन-दोन पानं, शेकडो! पुढं चिमट्यानं झुबके उचलून लावले, दुपारी गोणपाटाची सावली केली. आईला जिना चढता येत नव्हता, म्हणून तिला पत्ता नाही.

परवा ती पहिल्यांदा वर आली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली. मग एका फुलाला हलकेच बोट लावलं.

"अहो, हे कुठून आणलंत?"

"दीपालीनं पाठवलं. ऑक्टोबरात."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "चिठ्ठी होती?"

"होती."

"वाचलीत?"

"हो."

"मग उत्तरही तुम्हीच लिहा," म्हणाली आणि पुन्हा फुलांकडं वळली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

तू आईला विचारलं होतंस, आयुषला घेऊन आले तर बाबा दार उघडतील का. विहारात जातीअंतावर भाषणं करणारा मी. तू जातीबाहेर लग्न केलंस, तर दोन वर्षं तुझा आवाज ऐकला की फोन ठेवून दिला. तू चुकली नाहीस, बाळ. मी चुकलो. आईपासून पत्र लपवलं, ते तर चुकीच्याही पलीकडचं.

एप्रिलच्या उन्हात ही फुलं टिकायची नाहीत. त्याआधी या. रजा नाही मिळाली तर नंतर या, पण दोघं या. मुंबईला विमानतळावर मी स्वतः येईन. जेवायला काय आवडतं, तेवढं कळव.

आमच्या जावयांना, आयुषरावांना, माझा जय भीम सांग.

तुझाच,
बाबा