सासऱ्यांची शेंदरी शिळा

आमली, सिल्वासा

ती. विश्वनाथमामा आणि सौ. मामींना केतकीचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता जिने चढू देतो का? तुमचं चिपळूणचं घर पूर्ण होत आल्याचं आईकडून कळलं, फार आनंद झाला. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (हे उगाच लिहीत नाही, पुढे वाचा.)

आमच्या सोसायटीला कमान हवी, असं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे चेअरमन जयवंतरावांनी, आमच्या बाबांनी, ठरवलं. दोन खांब आणि वर ग्रॅनाइटची आडवी अखंड शिळा. कारखान्यात करड्या दगडांची रांग उभी असताना बाबांचं मन बसलं एकट्या शेंदरी झाक असलेल्या दगडावर. शिळा वर चढली आणि कापून उरलेला तुकडा मी कुंड्यांसाठी घरी आणला. (माझी नोकरी बांधकामाचा माल तपासणाऱ्या लॅबमधली, त्यामुळे दगड दिसला की हातोडी मारून बघायची खोड.) चांगला ग्रॅनाइट खणखणतो, हा बद्द वाजला. पाण्याचा थेंब टाकला, तर तो जिरूनच गेला. लॅबमध्ये यंत्राखाली दाबला, तर ताज्या ग्रॅनाइटच्या पाव भारालाही टिकला नाही. मामा, हा खाणीच्या अगदी वरच्या थरातला दगड. हजारो वर्षं ऊनपाणी खाऊन त्यातले पांढरे कण माती व्हायला लागलेत, काळा अभ्रक गंजलाय, कणाकणांत बारीक भेगा पडल्यात. बाबांना आवडलेली शेंदरी झाक म्हणजे तो गंज! त्यात आडव्या शिळेला खालच्या अंगाने ताण बसतो आणि असा दगड ताण मुळीच सोसत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सूनबाई, अख्खे डोंगर ग्रॅनाइटचे असतात. पडले का कधी?" कमिटी हसली. केदारने (तुमच्या जावयाने) "बाबांना दुखवू नकोस" एवढाच सल्ला दिला आणि तो चहाला निघून गेला.

उद्घाटनाच्या सकाळी आरतीचं ताट घेऊन बरोबर शिळेखाली उभं राहायचा मान माझ्या सासूबाईंचा, शोभाताईंचा. मी त्यांचा हात धरला. त्यांनी हळूच विचारलं, "खरंच पडेल?"

"आज की वर्षाने, ते सांगता येणार नाही. पण पडेल."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि मी अडवायच्या आत जाऊन शिळेखाली उभ्या राहिल्या. "अहो, या ना. दोघं मिळून ओवाळू."

बाबा ऐटीत निघाले. कमानीच्या अलीकडे त्यांचे पाय थांबले. त्यांनी वर पाहिलं. सनईवाल्या स्पीकरचा आवाज कुणीतरी बंद केला. माझ्या हातातल्या ताटातलं निरांजन विझलं तेही कळलं नाही.

"शोभा, बाहेर ये." आवाज चेअरमनचा नव्हता.

"आधी सांगा, दगड उतरवणार?"

"उतरवतो! तू ये गं बाई आधी!"

सगळ्यांना लांब हटवून क्रेन बोलावली. विकी ऑपरेटरने पट्टे ताणून शिळा जराशी उचलली मात्र, मधोमध दुभंगून ती खालच्या रांगोळीवर कोसळली. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि सगळ्या सोसायटीदेखत त्यांनी सासूबाईंचं मनगट धरून ठेवलं, उद्घाटनाच्या पाहुण्यांची गाडी आली तरी सोडलं नाही.

मामींना सांगा, गुडघा शेकत जा.

तुमची,
केतकी

ता. क. शिळा क्रेनवाल्याने मोडली, असं बाबा आता सगळ्यांना सांगतात. विकीने मोठ्या मनाने ते कबूल केलंय.

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आमचं लग्न तुम्ही जमवलंत म्हणून बाबा तुम्हाला फार मानतात. शिळेचा मोठा तुकडा तुमच्या नव्या दरवाजावर बसवायला भेट म्हणून त्यांनी टेम्पोने रवाना केलाय. मामा, नाही म्हणू नका, ते फार खचलेत. आनंदाने घ्या, फोटो पाठवा, पण अंगणात जमिनीवर सपाट टेकवा, खाली पोकळी नको. वर काही झालं तरी चढवू नका!