व्हायोलिनमध्ये दोष नाही

ता. ४ मार्च

चि. सुतारबाई हिस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. व्हायोलिन मात्र ठीक नाही. ते तुझ्या मामाच्या हाती पाठवतोय. वाटेत पेटी उघडून बघणार नाही असं त्यानं कबूल केलंय.

आवाज बसलाय त्याचा. वरच्या तारेची चमक गेली, पडद्याआडून वाजवल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षं लोक माझा म्हणून जो आवाज ओळखतात तो या लाकडातून निघतो. आता लाकूडच रुसलं तर मी काय करू? तारा बदलल्या, राळ बदलली, गज दाबून पाहिला. तू वरची फळी उघड आणि आत काय बिघडलंय ते बघ. सहा मेला कार्यक्रम आहे. तोवर आवाज परत आला नाही, तर कार्यक्रम रद्द करून वाजवणं कायमचं थांबवणार. हे आईला सांगितलेलं नाही.

बाकी घरात सगळंच ढेपाळलंय. दारावरची घंटा दोनदा दुरुस्त करूनही वाजत नाही, आणि तुझी आई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

काम जपून कर. फळीबरोबर बापावरची माया काढून ठेवू नकोस.
तुझा,
बाबा

ता. १६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि. मामा सुखरूप पोचला. पेटी त्यानं एकदाच उघडली, म्हणजे त्याच्या मानानं शब्द पाळला.

आठ दिवस व्हायोलिन माझ्या टेबलावर आहे. आरसा घालून आत पाहिलं. दोन फळ्यांमधली आधाराची काडी जागच्या जागी आहे, सांधे घट्ट आहेत, चीर कुठेही नाही. मग दुकानात येणाऱ्या तिघा वादकांना वाजवायला दिलं. वरची तार लख्ख बोलते. पण तिघांचे तीन आवाज निघाले आणि त्यांतला एकही तुमचा नव्हता. तुमचा असता तर मागच्या खोलीत सरस ढवळतानाही मला कळलं असतं. तुम्ही सूर आधी सरळ उभा करता, त्याला हलवायची घाई करत नाही. गज वळतो तिथं सांधा ऐकू येत नाही. दोन ओळींच्या मध्ये इतरांपेक्षा किंचित जास्त थांबता. माझ्या शाळेच्या समारंभात तुम्ही कुणाचं तरी घोडी वाकलेलं व्हायोलिन उचलून दोन मिनिटं वाजवलंत, तेव्हा आईनं तुम्हाला बाहेर जिन्यातून ओळखलं होतं. त्या दिवशी हे लाकूड घरी होतं.

धडधाकट व्हायोलिनची फळी उचकटायला माझा हात धजत नाही. आणि हे लिहायला चार दिवस लागले, तरी लिहिते. घंटा वाजते, बाबा. मी फोनवर ऐकली आहे. आई पूर्वीसारखीच बोलते. एकदा कान तपासून घ्या. रागवा, पण तपासा.

रागाच्या भरातही माझ्यापुरता थोडा लोभ शिल्लक ठेवा.
तुमची,
सुतारबाई

ता. २२ मार्च

चि. सुतारबाई हिस,
आशीर्वाद. ऐकायचं कसं हे तुला याच कानांनी शिकवलं. त्यांच्यावर शंका घ्यायला तुझी जीभ कशी रेटली? फळी उघडायची नसेल तर व्हायोलिन परत पाठव. मी दुसरा कारागीर बघतो.
बाबा

ता. ११ एप्रिल

चि. सुतारबाई हिस,
मागच्या वेळी हात आखडून आशीर्वाद दिला, म्हणून या वेळी सढळ हातानं अनेक. व्हायोलिन पोचलं. फळी उघडली नाहीस ते बरं केलंस.

तुझं पत्र आईच्या हाती लागलं. तिनं मला दारात नेलं, बटण स्वतः दाबलं आणि माझा तळवा घंटेवर ठेवला. घंटा हाताखाली थरथरत होती.

डॉक्टर म्हणाले की वरचे सूर दोन्ही कानांतून गेलेत, आणि ते परत यायचे नाहीत. यंत्र लावून पाहिलं, तर व्हायोलिन पत्र्याचं वाटलं. आई आता सांगते की वर्षभर माझा आवाज बोचरा झाला होता, कुणी तोंडावर बोलत नव्हतं एवढंच. मी चमक शोधत गज दाबत होतो, दुसरं काय! मी घाबरलोय ग. जो सूर मला ऐकूच येत नाही तो माझा आहे हे मी कशाच्या जोरावर म्हणू?

कार्यक्रम करतो. दाबणार नाही. बोटांना आणि हनुवटीखालच्या लाकडाला जे कळेल त्यावर चालतो. शेवटी एक लांब, अगदी वरचा सूर आहे, तो मला मुळीच ऐकू येत नाही. तू मागच्या रांगेत बस आणि तिथवर काय पोचलं ते लिही. समोरासमोर सांगू नकोस. समोर आलीस की तू गोड बोलतेस, कागदावर मुलाहिजा ठेवत नाहीस.

माया आहे तितकी राहू दे, सध्या तिचा फार आधार आहे.
तुझा,
बाबा

ता. ७ मे

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि. काल तुम्हाला न भेटता निघाले. भेटले असते तर गोडच बोलले असते.

मागच्या रांगेत दाराजवळ बसले होते. सुरुवातीला दोनदा गज दाबलात. सवय आहे, जाईल. मग हात हलका झाला. एक बाई उशिरा आल्या आणि अंधारात चाचपडत नवऱ्याला म्हणाल्या की सभागृह बरोबर आहे, हे तेच वाजवतायत. त्यांना अजून व्यासपीठ दिसलंही नव्हतं.

आता शेवटचा सूर. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि आई पहिल्या रांगेत तुमच्याकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघत होती. सूर बारीक होता, स्वच्छ होता, कुठेही बोचला नाही. गज थांबल्यावर माझ्या शेजारच्या माणसानं श्वास सोडला. तुम्हाला ऐकू आला नसेल, म्हणून लिहून कळवते. तो लागला, बाबा. तुमचाच होता.

लोभ असाच राहू द्यावा.
तुमची,
सुतारबाई